हशा जमा, बाप नावे

मराठी विनोदी लेखकाच्या घरी पाळणा हलला की दोघांची एकदम सोय होते. पोराला बाप मिळतो आणि बापाला विषय. पोराचं पुढे काय होतं ते त्याच्या नशिबावर. बापाचा विषय मात्र चांगला अठरा-वीस वर्षं पुरतो. दुपट्यांपासून सुरुवात करावी, बालवाडीच्या प्रवेशापाशी जरा दम खावा, दहावीच्या वर्षावर दोन दिवाळी अंक भागवावेत आणि पोरगं होस्टेलला गेलं की रिकाम्या घरावर एक हळवा लेख लिहून समारोप करावा. इतक्या लांब मुदतीची आणि इतका हमखास परतावा देणारी ठेव आमच्या बँकेतसुद्धा नाही.

बँकेत मी कारकून आहे. अलीकडे आमच्या पदाचं नाव बदलून ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ असं भारदस्त झालं आहे. पण काउंटरपलीकडून “ओ साहेब, तेवढं पासबुक भरून द्या” अशी हाक आली की असोसिएटच्या आतला कारकूनच मान वर करतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे साहित्याकडे बघायची माझी नजर जरा हिशेबी आहे. समीक्षक मंडळी आशय, अभिव्यक्ती, जाणिवेचा परीघ वगैरे शब्द लीलया उचलतात. मला ते पेलत नाहीत. पुस्तक वाचून झालं की मी आपली त्याची तेरीज मांडतो.

तेरीज म्हणजे काय, हे ज्यांनी अकरावीला पुस्तपालन घेतलं नव्हतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १४९४ साली लुका पाचोली नावाच्या एका इटालियन साधूने हिशेबाची द्विनोंदी पद्धत पुस्तकात नीट लिहून ठेवली. (सगळ्यावर पाणी सोडलेल्या माणसालाच हिशेब इतका स्वच्छ दिसतो, हा एक निराळ्या लेखाचा विषय.) या पद्धतीचं सार असं, की एका खात्यावर काही जमा झालं तर दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावर तेवढंच नावे पडलं पाहिजे. आभाळातून कुणाला काही मिळत नाही. सगळ्या खात्यांच्या बाक्या दोन बाजूंना मांडायच्या आणि बेरजा जुळल्या की म्हणायचं, लागली बुवा तेरीज. त्या दिवशी आमच्या शाखेत चहा शाखाधिकारी मागवतात.

विनोदाचंही अगदी तसंच आहे. हशा पिकला म्हणजे काही तरी जमा झालं. मग नावे कुणाच्या खात्यावर पडलं? कुणाची तरी टोपी उडालेली असते, कुणाचं तरी पितळ उघडं पडलेलं असतं. ती रक्कम कुणी भरली? मुलाबाळांवरचा विनोद वाचताना किंवा टीव्हीवर बघताना मी एवढीच एक गोष्ट शोधतो. आणि आजवरच्या वाचनावरून माझं मत असं झालं आहे, की मराठीतला घरगुती विनोद जिथे उत्तम आहे तिथे ती रक्कम बापाने मुकाट्याने स्वतःच्या खात्यावर नावे टाकली आहे. जिथे ती पोरावर, बायकोवर किंवा समोरच्या बिऱ्हाडावर परस्पर टाकली, तिथे हशा येतो खरा, पण वटत नाही. दोन दिवसांनी ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असा शेरा घेऊन परत येतो.

या खात्याची आरंभीची शिल्लक टाकली चिं. वि. जोशींनी. त्यांच्या आधी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’नी मराठी माणसाला हसायला लावलं होतं, पण त्यांचा रोख समाजातल्या रूढींवर होता. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्याला पालीचे प्राध्यापक, बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक. अशा विद्वान गृहस्थाने चिमणराव नावाचा एक कारकून उभा केला. त्याला काऊ नावाची बायको दिली, मोरू-मैना ही पोरं दिली, सोबतीला सोट्यासकट गुंड्याभाऊ दिला, आणि स्वतः बाजूला होऊन लेखणी चिमणरावांच्या हातात दिली. १९३० च्या दशकातली ही गोष्ट. अजून ते चऱ्हाट संपलेलं नाही.

लेखणी चिमणरावांच्या हातात देणं, यातच सगळी करामत आहे. कारण चिमणराव आपली फजिती सांगत नाहीत. ते आपली हुशारी सांगतात. आपण घर कसं चालवतो, व्यवहार कसा बघतो, हे ते गंभीरपणे नोंदवत जातात आणि फजिती फक्त वाचकाला दिसते. आपण विनोदी आहोत हे ज्याला ठाऊक नाही, तोच खरा विनोदी. लेखकाने मध्येच डोळा मारला की संपलं. चिमणराव डोळा मारत नाहीत. मारायचा म्हटलं तरी त्यांना तो जमला नसता, दोन्ही एकदम मिटले असते.

आता “विनोदी लिहायचं कसं?” असा प्रश्न मला आमच्या कर्ज विभागातल्या एका सहकाऱ्यांनी विचारला. दिवाळी अंकांची जाहिरात नोटीस बोर्डावर लागली की आमच्याकडे निम्म्या स्टाफला असं काही तरी होतं. ते म्हणाले, “अहो, आमच्या पोराच्या गमती ढीगभर आहेत. फक्त कागदावर उतरवायच्या कशा ते सांगा.”

म्हटलं, एखादी सांगा.

“परवा घरी पाहुणे आले. तर आमचा सात वर्षांचा दिवटा त्यांना तोंडावर म्हणतो कसा, ‘आजी म्हणते, तुम्ही बरोब्बर जेवायच्या वेळेलाच येता!’” एवढं सांगून ते टेबल थोपटत हसले.

मी हसलो नाही. एक तर मला त्यांच्याकडे सोसायटीच्या कर्जाचा अर्ज द्यायचा नव्हता. दुसरं म्हणजे ही गंमत प्रत्येक घरी, प्रत्येक सात वर्षांच्या पोराने, प्रत्येक पाहुण्याला ऐकवलेली आहे. पोरगं खरं बोललं यात विनोद कसला? ते तर त्याला आपणच शिकवलेलं असतं.

“मग तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

“मी? मी काय करणार?” ते जरा चपापले. “मी भिंतीकडे बघून म्हटलं, ‘हे आमचं घड्याळ जरा पुढे आहे.’”

“हा तुमचा लेख,” मी म्हटलं.

त्यांना पटायला पाच मिनिटं लागली, पण पटलं. पोराचं वाक्य हा नुसता धक्का आहे. त्या धक्क्याने जो माणूस कोलमडला आणि पडता पडता भिंतीवरच्या निरपराध घड्याळावर आळ घेता झाला, तो विनोदाचा धनी. रोज ‘खरं बोलावं’ असं पोराला सांगणारा बाप त्या क्षणी घरातला एकटाच खोटारडा असतो. हे घड्याळाचं वाक्य शेवटी ठेवा आणि तिथेच थांबा, असं मी त्यांना सांगितलं. त्यानंतर ‘आणि आम्ही सगळे पोट धरधरून हसलो’ असं लिहू नका. वाचकाच्या वाटणीचं हसू आपणच हसून टाकलं तर त्याने अंक विकत कशाला घ्यायचा?

जागेचा हा मुद्दा मराठीत जरा नाजूक आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे हशा ज्या शब्दात दडलाय तो शब्द क्रियापदाला अगदी चिकटून बसवावा लागतो. तो आधीच्या डब्यात बसला, तर हशाचं स्टेशन मागे पडतं आणि वाक्याची गाडी ‘होते’, ‘असते’, ‘येत असे’ करत पुढच्या फलाटावर जाऊन थांबते. “चिरंजिवांनी काल कपाट आवरलं, तेव्हापासून कपाट सापडत नाही,” यात ‘सापडत नाही’ शेवटी आहे म्हणून काम होतं. तेच “कपाट सापडत नाहीसं होण्याइतकं ते चिरंजिवांनी काल आवरलेलं आहे” असं लिहिलं, तर ती तक्रार होते आणि तिला उत्तर म्हणून घरून एक पत्रक निघतं.

चिमणरावांनंतरचा मोठा बाप म्हणजे ‘असा मी असामी’तला धोंडो भिकाजी जोशी. हाही कारकूनच. (मराठी विनोदावर कारकुनांचे उपकार किती आहेत, याची एकदा युनियनने नोंद घ्यावी.) पु. ल. देशपांड्यांनी या माणसाला बरोब्बर मधल्या मजल्यावर ठेवला. वर जुन्या वळणाचे तीर्थरूप आणि खाली नव्या जमान्यातला शंकऱ्या. वडिलांच्या मते हा बिघडला आणि मुलाच्या मते हा मागासला. दोन्हीकडून व्याज लागतं आणि मुद्दल कुठेच दिसत नाही. जग भराभर बदलतंय आणि आपण चेहरा शक्य तितका समजल्यासारखा ठेवून त्यामागे धावतोय, हे त्या जोशींचं दुःख आहे. शंकऱ्या तिथे विनोदाचं सावज नाही. तो आरशासारखा आहे, त्यात बापाचा चेहरा दिसतो.

आणि यातली खरी गोम पुढेच आहे. पु. लं.ना स्वतःला मूल नव्हतं. बापपणाचं इतकं घरोघरी पटलेलं चित्र काढणाऱ्याच्या घरी पाळणाच नव्हता! यावरून माझा मुद्दा तुमच्या ध्यानात येईल. घरगुती विनोदाला लागतं ते घरात मूल असणं नव्हे. आपल्यातला गोंधळलेला माणूस ओळखता येणं लागतं. खर्चायला मूल नव्हतं, म्हणून त्यांनी बाप खर्च केला. ज्यांना मुलं आहेत त्यांनीही हाच मार्ग धरावा, स्वस्त पडतो.

पु. लं.चा दुसरा संबंध टीव्हीशी. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला आपल्याकडचा टीव्ही सुरू झाला, त्या सुरुवातीच्या काळात ते त्या कामात होते. मुंबई केंद्र सुरू व्हायला मात्र २ ऑक्टोबर १९७२ उजाडलं. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सांगतात की त्या काळी चाळीत ज्याच्याकडे सेट त्याच्याकडे संध्याकाळी सगळी चाळ. यजमानाला स्वतःच्या घरात बसायला जागा नसे. तो दारात उभा राहून, वरती चपला मोजत असे. या गर्दीत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे हे ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ होऊन आले.

समीक्षेच्या दृष्टीने इथे एक मोठी अडचण होती. पुस्तकात चिमणराव स्वतः बोलतात. कॅमेऱ्याला ‘मी’ म्हणता येत नाही. तो बाहेर उभा राहून बघणार, म्हणजे चिमणराव आपल्याला बाहेरून दिसणार, आणि बाहेरून दिसलेला फजीत माणूस नुसता हास्यास्पद होतो. त्यावरचा इलाज नटाने शोधला. जे थोडे भाग आज बघायला मिळतात त्यांत प्रभावळकर एकदाही हसवायला निघालेले दिसत नाहीत. किरकोळ अंगकाठी, जपून टाकलेला शब्द आणि चेहऱ्यावर पूर्ण खात्री, की आपलं म्हणणं बरोबर आहे. पुस्तकातला ‘मी’ त्यांनी डोळ्यांत आणून ठेवला. शेजारी बाळ कर्व्यांचा धिप्पाड गुंड्याभाऊ असल्यामुळे ती खात्री आणखीच अशक्त दिसते. हीच ती अक्कल, की विनोदी भूमिका गंभीरपणे करायची आणि पडायचं तर खरोखरीचं पडायचं.

त्यानंतर १९८८ साली हिंदीत ‘वागले की दुनिया’ आली. आर. के. लक्ष्मण यांची पात्रं, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन आणि वागले झालेले अंजन श्रीवास्तव. हे गृहस्थ स्वतः बँकेत नोकरीला होते, हे सांगताना माझी कॉलर किंचित वर होते. अमोल पालेकरही आधी बँकेतच होते. काउंटरवर दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं आणि चेहरा हलू द्यायचा नाही, ही अभिनयाची शाळाच आहे. फक्त इथे टाळ्यांऐवजी तक्रारपुस्तक मिळतं. वागले साधा नोकरदार. घरातल्या एखाद्या बारीकशा अडचणीने तो कासावीस होतो आणि बायको ती अडचण जाता जाता सोडवते. ते बघून निदान आमच्या घरी तरी कुणी कुणाला कमी लेखलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी वाण्याची उधारी मागण्याची अण्णांची पद्धत जरा सौम्य झाली. म्हणजे वाण्याने मागितली, यांनी ऐकून घेतली.

मग टीव्हीवर आलं डब्यातलं हसू. याचा शोध अमेरिकेतला. १९५० च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने हसण्याचं यंत्रच बनवलं. कळ दाबली की खसखस, दुसरी दाबली की खदखद, तिसरी दाबली की कुणी तरी बाई किंचाळून हसते. आपल्याकडच्या मालिकांनीही ते उचललं. वाणिज्य पदवीधर या नात्याने माझा या यंत्राला सक्त विरोध आहे. हशा जमा, पण नावे कुणीच नाही! अशा रकमेला आम्ही बँकेत सस्पेन्स अकाउंटला टाकतो. कुठून आली ठाऊक नाही, कुणाची ठाऊक नाही, तूर्त ठेवा बाजूला. ऑडिटर पहिल्यांदा तेच खातं उघडायला सांगतो.

या पार्श्वभूमीवर २००१ साली त्या वेळच्या अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली. मूळ लेखन प्रभावळकरांचंच, ‘लोकसत्ता’तल्या ‘अनुदिनी’ या सदरातलं. दिग्दर्शक केदार शिंदे. पंचवीसएक वर्षांपूर्वी चिमणराव झालेला माणूस आता आजोबा झाला होता. मध्यंतरी तो ‘झपाटलेला’मधला तात्या विंचूही होऊन गेला होता आणि पुढे २००६ साली गांधीजी व्हायचा होता. पण माझ्या खतावणीत त्यांचं मोठं काम आबा टिपरे हेच.

‘अनुदिनी’ म्हणजे रोजनिशी. टिपऱ्यांच्या घरातला जो तो आपापली रोजनिशी लिहितो. बापाने पोराच्या खोड्या सांगायच्या आणि पोराने गप्प बसायचं, हा जुना करार इथे मोडला. शिऱ्याचं शिऱ्या सांगणार, शलाकाचं शलाका, शेखरचं शेखर आणि श्यामलाचं श्यामला. ज्याची फजिती त्याच्याच खात्यावर, त्याच्याच सहीने नावे. हिशेबाच्या दृष्टीने इतकं स्वच्छ घर मराठी विनोदात मी दुसरं पाहिलेलं नाही. विशेषतः घरातल्या बाईला तिची स्वतःची वही मिळाली, हे मोठंच. कारण आम्हा पुरुष विनोदी लेखकांच्या लेखनात ‘सौ.’ नावाची जी व्यक्ती असते ती दारातून ‘अहो’ म्हणून हाक मारते आणि चहा ठेवून निघून जाते. चहाचे पैसे कुठल्या खात्यावर पडले, ते कुणी विचारत नाही.

ही मालिका आमच्या घरी दर आठवड्याला लागायची. मी नुकता नोकरीला लागलो होतो. अण्णा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि घरातही अजून हेडक्लार्कच होते. ते हसतात, हे मला त्या मालिकेमुळे कळलं. आबांनी नातवाची बाजू घेतली की हे खुर्चीत पुढे सरकायचे. शेखर, म्हणजे मधला बाप, पोरांसमोर अडखळला की यांचे खांदे हलायचे. एकदा असेच खांदे हलता हलता थांबले. टीव्हीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं,

“तू दहावीला असताना मी असाच बोलायचो का रे?”

“नाही, अण्णा,” मी म्हटलं. “तुम्ही बोलायचाच नाहीत.”

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आवाज वाढव जरा.”

चांगल्या घरगुती विनोदाचं काम काय, असं मला कुणी विचारलं तर मी हे उत्तर देतो. एरवी आमच्यात असं संभाषण शक्य नव्हतं. समोर दुसरा एक बाप अर्धा तास सगळ्यांदेखत लहान होऊन दाखवत होता, म्हणून माझ्या बापाला तेवढा प्रश्न विचारता आला. त्यासाठी त्या बापाने रक्कम स्वतः भरलेली असावी लागते. त्याने ती पोरावर ढकलली असती, तर अण्णाही माझ्याकडे बोट दाखवून हसले असते आणि मी उठून गॅलरीत गेलो असतो.

आजच्या टीव्हीवर विनोद भरपूर आहे. नट गुणी आहेत, त्यांची मेहनत दिसते. पण वजनदार बाईचं वजन, सावळ्या पोरीचा रंग, पुरुषाने नेसलेली साडी यांच्यावर पुनःपुन्हा रक्कम नावे पडताना दिसते. सोफ्यावरचे पाहुणे जोराजोरात हसून त्यावर शिक्का मारतात. आणि टीव्हीहून मोठा प्रकार आता मोबाइलवर चालतो. दोन वर्षांच्या पोराने दुधाचं भांडं पालथं घातलं, तर आईबाप आधी फोन शोधतात, मग फडकं. पोरगं भोकाड पसरतं, बाप चित्रण करतो, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. पोराला पत्ताच नाही की आपल्या नावाचं खातं उघडलंय आणि त्यातून रोज उचल चालू आहे.

बँकेत याला नियम आहेत, बरं का. अज्ञान मुलाचं खातं पालक चालवू शकतो, पण ती रक्कम मुलाची, पालकाची नव्हे. मूल अठराचं झालं की पालकाचा अधिकार संपतो. नवी सही, नवे कागद. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यायलाही रिझर्व्ह बँकेने मुभा दिलेली आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अज्ञानाच्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट देता येत नाही. शिल्लक असेल तेवढंच काढा. विनोदी लेखकांनी हे कलम टेबलाच्या काचेखाली ठेवावं. आज आपण पोराच्या नावावर एक हशा उचलतो. तो फेडायला त्याला दहा वर्षांनी वर्गात, कॉलेजात, क्वचित स्वतःच्या लग्नाच्या मांडवात उभं राहावं लागतं. तेव्हा त्याने विचारलं, “हे कुणाच्या सहीने काढलंत?” तर काय दाखवणार?

म्हणून आमच्या घरी एक पद्धत आहे. बँकेत कारकून व्हाउचर लिहितो आणि अधिकारी पास करतो. लिहिणाऱ्यालाच पास करता येत नाही. तसं घरच्यांवरचं काहीही लिहिलं तर ते आधी घरच्यांच्या टेबलावर जातं. कन्या अकरा वर्षांची आहे, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या हिशेबानेही स्वतःचं खातं चालवायला पात्र. ती लाल पेन घेऊन बसते. मी अण्णांना ‘अहो’ म्हणतो, ती मला ‘अरे’ म्हणते, त्यामुळे तिचे शेरे फार स्पष्ट असतात.

हा लेखही तिने वाचला. म्हणाली, “बाबा, यात मी कुठेच विनोदी नाहीये.”

“नाहीस. मी आहे.”

“कुठे?”

मी तिला दोन-तीन जागा दाखवल्या. तिने त्या गंभीर चेहऱ्याने वाचल्या. तिला हसू आलं नाही, पण हरकतही आढळली नाही. ‘वाक्यं मोठी आहेत’ एवढा शेरा मारून तिने सही केली. सौ.नं चहाचा उल्लेख वाचला आणि त्या दिवशी चहा मी केला.

मग कागद अण्णांकडे गेला. आता त्यांना कमी दिसतं, म्हणून भिंग लावून सावकाश वाचतात. टिपऱ्यांच्या मजकुरापाशी भिंग बराच वेळ थांबलं. तो भाग काढू का, असं मी विचारलं.

“राहू दे,” अण्णा म्हणाले. “पण एक नोंद कर. त्या दिवशी टीव्हीचा आवाज खरोखरच कमी होता.”